क्रिसांतोच्या खोलीतली तार

दोन्या प्रोवी या बाईच्या गुत्त्यातली व्हेलोनेरा बिघडली, म्हणून अन्सेल्मो दुपारच्या उन्हात हत्यारांची पिशवी घेऊन डोंगर चढून आला. नाणं टाकून गाणी वाजवायच्या या जुन्या पेट्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला होता. समोर ठेवलेली कॉफी निवायच्या आत काम उरकेल, असं त्याला वाटलं.

कॉफी निवली, तिच्यावर माशी बसली, तरी काम उरकेना. पेटी आपली आपणच सुरू होई. आतला दांडा सरकत जाऊन नेमकी एकच तबकडी उचली, रडका बोलेरो वाजू लागे आणि गाणं अर्ध्यावर आलं की फ्यूज उडे. अन्सेल्मोने व्हॉल्व्ह बदलले. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी काढून नव्या घातल्या, डाग दिले. हात भाजला. झाकण लावून घाम पुसतो न पुसतो तोच आत खट् खट् झालं, आणि पुन्हा तोच बोलेरो. चिडून त्याने ती तबकडीच काढून बाजूला ठेवली. दांडा तिच्या रिकाम्या खाचेपाशी जाऊन थांबला... आणि फ्यूज उडाला.

रविवारी याच गुत्त्यात प्रोवीचं दुसरं लग्न होतं. नवरदेव नेपो, कॉफीचा ट्रक चालवणारा, हसरा गडी. त्याने नाचासाठी प्रोवीचा हात धरला की हे गाणं लागे. आधी तो हसला. आता उंबरठ्याच्या आत यायला तयार नव्हता. पेटी गप्प झाली नाही तर लग्नही होणार नाही, असं त्याने सांगून टाकलं होतं.

अन्सेल्मो पेटीचा एकेक भाग सोडवत गेला. शेवटी त्याला कळलं की पेटीत दोष नाहीच. हुकूम बाहेरून येतोय. पेटीच्या पाठीमागून एक बारीक तार भिंतीत शिरत होती. ती कुठे जाते, असं त्याने विचारलं.

ग्लास पुसणारा प्रोवीचा हात थांबला. तिचा पहिला नवरा क्रिसांतो शेवटची वर्षं मागच्या खोलीत अंथरुणाला खिळून होता. पडल्या पडल्या गाणी लावता यावीत म्हणून उशाशी बटणांची डबी बसवली होती. एखादं गिऱ्हाईक प्रोवीशी जरा जास्त वेळ बोललं की तो हा बोलेरो लावी.

"डबी कुठाय ती?"

"त्याच्या मुठीतून सुटेना, मास्तर... त्याच्याबरोबर तशीच पुरली. तार मी सुरीनं कापली."

मागच्या खोलीत औषधांचा कुबट वास अजून होता. तार भिंतीवरून उतरून जमिनीच्या फळ्यांच्या फटीतून खाली गेली होती. तिचं कापलेलं टोक कुठेच दिसेना. वैतागलेल्या अन्सेल्मोने ती ओढली. थोडी वर आली... ओली, तांबड्या मातीने माखलेली. मग अडली. आणि मग खालून कुणीतरी तिला हळूच ओढ दिली.

झाडाच्या मुळात अडकली असेल, असं तो मोठ्याने म्हणाला. त्याने तार भिंतीपाशीच तोडली, फटीतून वर राहिलेल्या वीतभर टोकाला चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. प्रोवीने खोलीला कुलूप घालून किल्ली त्याच्याच हातात दिली. लग्न होईपर्यंत तुमच्यापाशीच राहू दे, म्हणाली.

रविवारी पेटी शहाण्यासारखी वागली. जे बटण दाबावं तेच गाणं. नेपो घामाघूम होईतो नाचला, प्रोवी कित्येक वर्षांनी खळखळून हसली, आणि भाजलेल्या डुकराचा पहिला तुकडा पाहुण्यांनी अन्सेल्मोच्या ताटात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो किल्ली परत द्यायला गेला. जाता जाता कुलूप काढून त्याने आत डोकावलं.

चिकटपट्टी नीट सोलून कडेला ठेवली होती. तारेचं वरचं रबर कुणीतरी दातांनी ओरबाडून काढलं होतं आणि आतलं तांबं सांधा मारण्यासाठी पिळून तयार होतं. फटीपाशी वीतभर सोडलेली ती तार ओल्या मातीचा माग सोडत फळ्यांवरून दारापर्यंत आली होती.