कोनाड्यातली उशी

नेपल्सला येणारे पाहुणे सकाळी राजवाडा बघतात, मग संग्रहालय, आणि पाय बोलायला लागले की फिलोमेनाच्या चर्चमध्ये येतात. चर्च लहानसंच. पण तळघरात जुन्या साथीत मेलेल्या बेवारसांच्या कवट्या रचून ठेवल्या आहेत, त्या बघितल्याशिवाय कुणाचं समाधान होत नाही. फिलोमेना दिवा घेऊन त्यांना खाली नेते.

तिथली रीत अशी, की एक बेवारस कवटी आपली मानायची. तिला पुसायचं, कोनाड्यात उशीवर ठेवायचं. मेलेल्या जिवाला तहान फार. त्याच्यासाठी प्रार्थना केली की त्याला गारवा मिळतो. बदल्यात आपण त्याच्याकडे मागायचं. नाहीच दिलं त्यानं, तर उशी दुसऱ्याला द्यायची.

फिलोमेना आपली कवटी तरुणपणापासून सांभाळत होती. कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं होतं. तिचा एकुलता एक मुलगा कातेल्लो मासेमारीला गेला होता, आणि वादळानंतर बोटीचा पत्ता नव्हता.

त्या सोमवारी सकाळी तिचा धीर सुटला.

"इतकी वर्षं पुसपुस पुसलं तुला, फुकट्या! माझं एक पोर आणून देता येईना?"

तिनं कवटी उचलली, भिंतीकडे तोंड करून ढिगावर ठेवली आणि उशीवर दुसरीच मांडली.

मेणबत्त्या विकणारी तितीना बघतच राहिली. "अगं बाई, रागाच्या भरात असं करतात होय? माफी माग त्याची."

"त्यानं मागावी माझी!"

दुपारी पाहुणे आले. फिलोमेना तोंडानं नेहमीचं सांगत होती, जीव मात्र समुद्रावर टांगलेला. तळघरात धुळीचा आणि विझलेल्या मेणाचा वास कोंडला होता. कुठंतरी काहीतरी ठिबकत होतं. एका पाहुणीनं ढिगाकडे बोट केलं.

"ही एकच ओली कशी?"

बाकीच्या कवट्या कोरड्या ठणठणीत. भिंतीकडे तोंड केलेल्या त्या एकीवरून पाणी निथळत होतं. फिलोमेनानं बोट लावलं आणि जिभेवर टेकवलं. खारट.

एवढ्यात वरून तितीना किंचाळली, "फिलोमेना! धाव! कातेल्लोचा फोन!"

ती कशीबशी जिना चढली. तिनं फोन कानाला लावला.

"आई, वाचलो गं..."

फिलोमेना रडू लागली. रडता रडता तिनं देवाचे आभार मानले.

"बोट बुडाली, आई. एका माणसानं मला पाण्यावर धरून ठेवलं. सारखा म्हणायचा, तुझ्या आईनं सांगितलंय. आज सकाळी किनारा दिसला, आणि त्यानं एकदम माझ्याकडे पाठ केली. तेव्हापासून तोंडच दाखवत नाही..."

"कुठाय तो?"

"इथंच, आपल्या घरी. माझ्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसलाय. पाणी दिलं, पीत नाही..." कातेल्लोचा आवाज खाली आला. "आई, तू त्याची उशी कुणाला दिलीस का?"

फिलोमेनानं वळून तळघराच्या जिन्याकडे पाहिलं.

"कारण तो माझी मागतोय."