नाकेदार प्रथिनं

'टिटवी' हे यान मंगळाच्या वाटेवर होतं. माणसं सहाच, पण शिस्त साठ जणांची. कर्णधार उखळीकरांनी भोजनकक्षात वाढफलक लावला होता. कोणाच्या अस्थिमज्जेतल्या पेशी किती वेगानं विभागल्या, यावर रोज सकाळी क्रमांक लागे. पहिला क्रमांक कायम साहेबांचा. वेग म्हणजेच आरोग्य, हे सगळ्यांना इतकं पटलं होतं की शेवटचा आलेला माणूस दिवसभर उगीचच खोकत हिंडायचा.

काल सौरवादळ आलं. किरणोत्सारानं सहाही जणांना सारखंच झोडपलं. आज फलकावर पाच जणांचा वेग शून्य होता. वैमानिक शलाका गवांदे तर रात्रीच शून्यावर आली होती.

"डॉक्टरीणबाई, पोरगी हातची जातेय," उखळीकर म्हणाले. "नाकेमोड औषध टोचा. पेशी लगेच चालू होतील."

डॉक्टर इंदुमती ठोंबरेंची तीस वर्षं थांबलेल्या पेशी बघण्यात गेली होती. त्यामुळे माणसांची घाई हा त्यांच्या करमणुकीचा विषय होता.

"चालू होतील हो. पण कशाच्या नकला काढतील? साहेब, पेशी दोन होण्याआधी डीएनएच्या धाग्याची नक्कल करते. धागा तुटलेला दिसला की नाकेदार प्रथिनं काम अडवतात. अर्धवट नक्कल उसवू नये म्हणून धरून ठेवतात, डागडुजीवाल्यांना बोलावतात आणि दुरुस्ती झाली की सोडतात. घाटात दरड कोसळली की गाड्या अडवतात ना, तसंच. नाका मोडला तर चुकीच्याच नकला निघतील. त्यातून कर्करोग."

"आणि दुरुस्ती झालीच नाही तर?"

"तर पेशी मरतील," बाई म्हणाल्या. यावर मात्र त्यांना विनोद सुचला नाही. "दुपारी चारपर्यंत थांबा."

"माझं बघा! वादळातसुद्धा एक क्षण थांबलो नाही. पृथ्वीवर कळवलंय मी तसं."

भोजनकक्षाच्याच कोपऱ्यात टाकलेल्या खाटेवरून शलाकानं विचारलं, "मॅडम, खरं सांगा. मी मरतेय का?"

"अगं, मरणारी माणसं तीन वेळा उपमा मागत नाहीत. पडून राहा."

बोलून झालं, पण बाईंचे डोळे पडद्यावरून हलेनात. दोन वाजले, तीन वाजले. उखळीकर नाकेमोडची सुई हातात घेऊन येरझारा घालत होते. पावणेचारला शलाकाची एक पेशी हलली. मग दुसरी, मग रांगच लागली. बाईंनी धागा तपासला. सलग! एवढ्या माराला तोंड देऊन त्या इवल्या प्रथिनांनी आपली जागा सोडली नव्हती. बाईंना इतका अभिमान वाटला, की त्यांनी चष्मा पुसण्याचं निमित्त करून डोळे पुसले. पाठोपाठ उरलेल्या चौघांच्याही पेशी चालू झाल्या.

"शाबास!" उखळीकर म्हणाले. "म्हणजे आता सगळे माझ्या रांगेत आले."

बाईंचा हात चष्म्यावरच थबकला. वादळ सहाही जणांवर आलं होतं. थांबले मात्र पाचच.

त्यांनी साहेबांचा नमुना यंत्राखाली घेतला. धागा जागोजागी तुटका, आणि त्या तुटक्या धाग्याच्या नकला, नकलांच्याही नकला.

"साहेब, तुमच्याकडे नाकेदारच नाहीत. बहुधा जन्मापासूनच. तुमचा पहिला नंबर त्यामुळेच यायचा."

उखळीकरांनी फलकाकडे पाहिलं. मग हातातली सुई त्यांनी टेबलावर ठेवली.

"म्हणजे माझ्या अंगातले कर्मचारी कालपासून तपासणीशिवाय काम रेटतायत. माणसं असती तर निलंबित केली असती."

"त्याचं औषध आहे माझ्याकडे. विभाजनरोधक. पेशी थांबवून ठेवतं, तोवर बिघडलेल्या शोधून काढता येतील. लवकर कळलंय, साहेब."

उखळीकरांनी मान ताठ केली, पदक स्वीकारावं तशी बाही वर सारली आणि हुकूम सोडला, "गवांदे, यान तू सांभाळ. बाई, करा निलंबित."