आप्पांची किल्ली

रात्री नऊला वॉल्व्ह फिरवून शेषेराव टाकीखालच्या कट्ट्यावर टेकले. भोवती घागरी भरायला आलेली पोरं होती.

"भुतं चिंचेवरच राहतात असं कुणी सांगितलं? आपल्या मुरुडच्या शिवकन्येला विचारा."

"मोटारवाल्या ताईला?" मंजुश्री म्हणाली.

"हाव, तिलाच."

गावाची पाण्याची मोटार चालू-बंद व्हायची ती क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्यानं घेतलेल्या दूरच्या एका मशीनवरून. ते बसवलं गुरुपादप्पांनी, म्हणजे गावाच्या आप्पांनी. ते वारले आणि काम शिवकन्येकडे आलं. पण रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी कुणीतरी त्या मशीनमध्ये शिरून मोटार बंद करी. सकाळी टाकी कोरडी, नळावर बायांचे शिव्याशाप. तिनं तीनदा पासवर्ड बदलला. फरक नाही. सरपंच म्हणाले, "उद्या पाणी न्हाई आलं तर हे काम दुसऱ्याला."

पंधरा मे दोन हजार चोवीस, बुधवारची रात्र. शिवकन्येनं पासवर्डऐवजी चालणाऱ्या डिजिटल किल्ल्यांची जोडी तयार केली. गुप्त किल्ली स्वतःच्या लॅपटॉपमध्ये, तिची जोडीदार मशीनवरच्या यादीत. पडद्यावरची पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसरीतून आत जाऊन पाहिलं. जमलं, तेव्हाच पासवर्डचा रस्ता कायमचा बंद केला. आता यादीत दोनच ओळी. एक तिची, एक आप्पांची. ती ओळ पुसायला हात धजेना. हे सगळं तिला त्यांनीच शिकवलेलं. शिवाय आप्पांची गुप्त किल्ली होती गळ्यातल्या पेनड्राइव्हवर, आणि लिंगायतांच्या रिवाजानं त्यांना बसवून पुरलं तेव्हा तो काढायचं कुणाला सुचलंच नाही. दुसरी प्रत नव्हती.

दोन वाजून दहा.

पडद्यावर एक ओळ उमटली. कुणीतरी आत आलं होतं. पासवर्डनं नाही... किल्लीनं.

आप्पांच्या.

मोटार थांबली. डोक्यावरचा पंखा फिरत होता. वारा लागत नव्हता.

शिवकन्या उठली नाही. आत असेल त्याला दिसेल असा निरोप तिनं टाइप केला. "आप्पा, पाणी गावाचं हाय. मी भिणार न्हाई."

मोटार बंदच राहिली.

"बरं तर," ती मोठ्यानं म्हणाली. आप्पांची ओळ पुसली. त्यांचं सेशन, म्हणजे मशीनशी चालू असलेली जोडणी, तोडलं. मोटार चालू केली. आणि उजाडेपर्यंत खुर्चीतून हलली नाही.

सकाळी नळाला पाणी आलं. तेव्हापासून मोटार एकदाही थांबलेली नाही.

"मग संपलं की, तात्या," मंजुश्री म्हणाली.

शेषेरावांनी नकारार्थी मान हलवली.

"आत कोण कोण बसलंय ते मशीन दाखवतं. परवा तिनं मला दाखवलं. तिचं नाव... खाली आप्पांचं. कुठून आले, ती जागा कोरी. मशीन दोनदा बंद करून चालू केलं, तरी नाव जात न्हाई. म्हणाली, बसू द्या. मोटारीला हात लावला तर बघून घेते."

"नुसतं नाव असेल, तात्या. चुकून राहिलं असेल."

"आप्पांनी शेवटचं बटण दाबून किती वेळ झाला, तेही दाखवतं."

"किती?"

"शून्य सेकंद."