चौघांचं भाडं

महाडच्या एसटी स्टँडासमोरच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मैथिली भांडत होती, आणि तिच्यामागे रांगेत उभा असलेला ऋत्विक हसला. ओळख एवढ्यावरच झाली.

भांडण मुंबई–गोवा क्रूझच्या दरावरून होतं. वीस जणांचा ग्रुप असेल तर पस्तीस टक्के सूट. एकटं माणूस असेल तर खोलीतल्या दोन्ही खाटांचे पैसे त्याच्याच माथी.

"दुसऱ्या खाटेवर कोण झोपणार? माझी पर्स?" मैथिली म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची.

"कंपनीचा नियम हाय, मॅडम," एजंट म्हणाला.

"आमच्या यादीत या ना," मागून ऋत्विक म्हणाला. तो एमआयडीसीत केमिस्ट, मूळचा पोलादपूरकडचा. गावाचं मंडळ यंदा सहलीला बोटीने निघालं होतं आणि यादी त्याच्या हातात होती. "चोवीस जण आहोत. पंचविसावं नाव घालतो."

"कुठल्या नात्याने?"

मंडळाची यादी गावातल्या घरांवर चालते. घर नाही तर नाव नाही. ऋत्विकने पेन उघडलं... बंद केलं.

"आमच्या घरातली... सून? म्हणजे, फक्त यादीपुरती हं!"

"पस्तीस टक्के सवलतीत सून?" मैथिली हसली, पण कान लाल झालेच. "आणि ज्याच्यामागे गाव नाही, त्याला समुद्र महाग का? नको. मी पूर्ण भाडं भरते."

आणि तिने भरलं. तत्त्वासाठी म्हणून जास्त पैसे मोजणारं माणूस ऋत्विकने महाड तालुक्यात प्रथमच पाहिलं होतं. तो बघतच राहिला.

दोन आठवड्यांनी, उन्हं कलताना, बोटीच्या डेकवरून किनारा दिसेनासा झाला. ऋत्विकची चुलती बयाबाई कठड्याला घट्ट धरून उभी होती. सावित्री नदीचे पूर पाहिले म्हणजे पाणी पाहिलं, असा तिचा आजवरचा समज.

"अगो, ह्याला पल्याडची कड हाय का नाय?"

शेजारी उभी मैथिलीही तीच कड शोधत होती. अनंताचं चिन्ह तिने फळ्यावर खूपदा काढलं होतं. त्याचा वारा अंगावर पहिल्यांदाच येत होता.

"तुमचं बाकीचं मंडळ खाली चहाला गेलंय," जवळ आलेल्या ऋत्विकला ती म्हणाली.

"मी मंडळात नाय. नाव काढलं." घाबरला की त्याची भाषा गावी जायची. "पूर्ण भाडं भरलं. दोन्ही खाटांचं."

"वेडे आहात का? कशाला?"

"तुम्हाला एक विचारायचं होतं. सवलत घेऊन विचारलं असतं, तर तुम्ही परत टक्के काढले असते."

मैथिलीने क्षणभर मनात आकडे मांडले. "म्हणजे आपण दोघांनी मिळून चौघांचं भाडं भरलं."

"हो ना. पुढच्या वेळी... दोघांचंच भरूया?"

समोर सूर्य पाण्याला टेकला. एवढं मोठं काही डोळ्यांसमोर घडत असताना लहानसं खोटं बोलणंही तिला जमेना.

"हो," ती म्हणाली.

वाऱ्याने ते उडवून नेलं. "काय?" ऋत्विकने कान पुढे केला.

मग तिला ते ओरडून सांगावं लागलं, आणि बयाबाईसकट सगळा डेक वळून बघू लागला.