तिथे वस्ती आहे

नकाशा गुंडाळा आता. वाटेल तिथे थांबू म्हणता, थांबा बापडे. पण आधी एका गादीवाल्याचं ऐका. माणूस माझ्या चांगल्या माहितीतला. खोटं बोलायची सवय नव्हती त्याला. एकाच मुक्कामात बोलला, ते दोनदा.

गाड्यांच्या सीटा शिवण्यात त्याची तीस वर्षं गेली. मग एक जुनी व्हॅन घेतली. दोन वर्षं खपून आत पलंग, ओटा, बेसिन, पाण्याची टाकी, सगळं स्वतःच्या हाताने बसवलं. बायको दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. लोकांची घाण धुऊन धुऊन तिचं नाक तिखट झालेलं. ती म्हणाली, "येते मी. पण एक रात्र जरी घाणीत काढावी लागली, तरी परत फिरायचं आणि ही गाडी विकायची."

"बरं," तो म्हणाला.

आखणीही त्याने तशीच केली. दिवसाला दोनशे किलोमीटर, जास्त नाही. प्रत्येक रात्रीसाठी वहीत तीन मुक्काम: एक आवडीचा, एक सोयीचा, एक नाइलाजाचा. त्यातला कुठला, ते पाचच्या आत ठरवायचं. रस्ता बदलला तरी चालेल, अंधारात जागा शोधायची नाही. आठ रात्री छान गेल्या.

नववी रात्र नोव्हेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारची. आवडीच्या जागी फाटकाला कुलूप. सोयीच्या जागी चिखल. नाइलाजाच्या जागी कोणी मेलेली कुत्री आणून टाकली होती. बायकोने काच वर केली. सहा वाजून गेले. गादीवाल्याने पेट्रोल पंपावर विचारलं, "नकाशात पुढे तळं दिसतंय. तिथे रात्री थांबता येईल का?"

पंपवाला हात पुसत म्हणाला, "तळ्यापाशी? तिथे वस्ती आहे."

वस्ती आहे म्हणजे चार घरं असणार, माणसं असणार. गादीवाला खूश झाला. पंपवाला आणखी काही सांगणार होता, पण मागच्या ट्रकने हॉर्न लावून धरला.

तळ्यापाशी एकही घर नव्हतं. पण चांदणं होतं, जागा सपाट आणि कोरडी. बायको उतरून फिरून आली. "कचरा नाही," एवढंच म्हणाली. त्यांनी अंडी उकडली, चहा केला, साडेनऊला दिवा मालवला.

अकरा वाजता वास आला. तोंडाचा. शिळ्या, कधीच न धुतलेल्या तोंडाचा.

"अहो, कसला वास हा?"

"तळ्याचा असेल."

"तळ्याला काय दात असतात?" तिने कूस बदलली.

दोन वाजून चाळीस मिनिटं. बाहेर कोणी खाकरलं. घशाच्या तळापासून, खरवडून. मग थुंकलं. पत्र्यावर. थोड्या वेळाने पुन्हा खाकरलं, चाकापाशी. मग दारापाशी. दाराला आतून कडी होती.

मग बेसिनपाशी.

आत.

तो हलला नाही. पंपवाल्याचं वाक्य त्याला आता कुठे नीट ऐकू आलं. वस्ती आहे... माणसांची, असं तो म्हणालाच नव्हता.

कोणीतरी चूळ भरली. सावकाश. घरच्यासारखी.

मग काही नाही...

बऱ्याच वेळाने त्याने बॅटरी लावली. बेसिनमध्ये बेडका. मुठीएवढा. पिवळा, आत तपकिरी धागे. पाणी सोडावं तर टाकीच्या पंपाचा आवाज होणार. ती उठणार. ती उठली की गाडी गेली. त्याने तो हातरुमालात उचलला. कोमट होता. खिडकी बोटभर उघडून रुमालासकट बाहेर टाकला आणि उजाडेपर्यंत हात अंगापासून लांब धरून पडून राहिला.

सकाळी चहा पिताना ती म्हणाली, "रात्री काय खाकरत होता हो?"

"घसा धरलाय."

"आणि माझा ब्रश ओला का?"

"अंधारात... मीच वापरला. चुकून."

तिने त्याच्याकडे पाहिलं, दवाखान्याच्या चादरीकडे पाहायची तसं. "सत्तावीस वर्षांत एवढं मात्र केलं नव्हतंत." ब्रश कचऱ्यात टाकला. गाडी विका, असं काही म्हणाली नाही. गादीवाल्याच्या जिवात जीव आला.

निघाले. पहिल्याच वळणावर टाकीत काहीतरी खडखडलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा. बायको ऐकेना, म्हणून पुढच्या गावात गॅरेजवर थांबले. गॅरेजवाल्याने टाकी उतरवली, हलवून पाहिली, मग वरून करवतीने कापली. आत वाकून बघितलं आणि मागे सरकला.

तळाशी कवळी होती. वरची. दात तंबाखूने काळे, टाळूच्या बाजूला बुळबुळीत साय.

सकाळचा चहा त्याच पाण्याचा. चूळही.

बायकोने वाकून आत पाहिलं. मग हळूच म्हणाली, "ही पण तुमचीच म्हणा."

गादीवाल्याचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत. बोलायला मात्र तोंड राहिलं नव्हतं.

गाडी त्याच आठवड्यात विकली. कापलेली टाकी नव्या मालकाला नको होती, ती अजून गॅरेजच्या मागे पडली आहे. मी पाहिली आहे. पाणी भरायचं तोंड दोन बोटांचं. त्यातून कवळी आत जात नाही.

गॅरेजवाल्याने घालून बघितली होती...