केटरिंगची नवी कार्डं

लिनवुडच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये महिन्यातल्या एका शनिवारी खेळाडूंचे फोटो छापलेल्या बेसबॉल कार्डांचा बाजार भरायचा. आत शिरलं की गालिच्याचा आणि जुन्या पुठ्ठ्याचा मिळून एक कोंदट वास यायचा. यामिनी दर वेळी जायची आणि प्रत्येक टेबलापाशी थांबून एकच नाव विचारायची. ड्वेन केटरिंग. विकणारे तिला आता ओळखत होते. ती दिसली की काही जण लांबूनच मान हलवायचे. आज नाही.

केटरिंगला मागणी असण्याचं खरं तर काही कारण नव्हतं. मोठ्या संघांपर्यंत तो कधी पोचलाच नाही. याकिमा या सफरचंदांच्या गावात एक लहानसा संघ होता, त्याच्याकडून तीन उन्हाळे त्याने डाव्या हाताने चेंडू टाकला, एवढाच त्याचा इतिहास. पण यामिनीला त्या गावातलं जे आठवायचं, ते त्या तीन उन्हाळ्यांतलंच. तिचे वडील, डॉक्टर प्रताप घाटे, भूल देणारे डॉक्टर. ते नागपूरहून याकिमाच्या हॉस्पिटलात आले तेव्हा यामिनी दुसरीत होती आणि तिला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. शाळेत तिच्याशी कोणी बोलायचं नाही. संध्याकाळी बाबा तिला मॅचला न्यायचे. तिथे जाळीच्या कुंपणापलीकडे केटरिंग हात मोकळा करत उभा असायचा.

एकदा त्याने मैदानावरच्या उन्हाकडे बोट दाखवून बाबांमार्फत विचारलं, "तुमच्या भाषेत याला काय म्हणतात?"

"ऊन," ती म्हणाली.

"ऊऽन," तो म्हणाला. बाकीचे खेळाडू हसले. तो हसला नाही. त्याने तो शब्द तोंडात घोळवून पुन्हा म्हणून पाहिला. मग प्रत्येक मॅचला एक शब्द, असा त्यांचा नेमच पडला.

तिसऱ्या वर्षीच्या पानगळीत, एक्क्याऐंशी साली, तो कोलंबिया नदीवर एकटाच मासे धरायला गेला. नाव सापडली. नावेत त्याचा थर्मास आणि टोपी होती. तो सापडला नाही.

त्याची कार्डं निघाली होती ती त्या तीन वर्षांतलीच, आणि ती सगळी यामिनीकडे कधीच जमा झाली होती. तरी ती शोधत राहायची. एखादं जास्त कोरं, कोपरे न दुमडलेलं मिळेल म्हणून, असं ती सांगायची. आई गेल्यापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, हे शोधणं जरा वाढलंच होतं.

दोन हजार सहाच्या फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी एका टेबलाखालच्या खोक्यात, कुणीच विचारत नाही अशा कार्डांच्या ढिगात, तिला केटरिंगचं एक कार्ड मिळालं. ते तिच्याकडे नव्हतं. पाठीमागे साल छापलं होतं, चौऱ्याऐंशी.

तिने ते तिथेच उभ्याउभ्या चार वेळा उलटून पाहिलं. मग खिशात घातलं, हॉलच्या दारापर्यंत गेली, आणि पैसे द्यायचे राहिले म्हणून धावत परत आली.

बॉथेलला घरी आल्यावर तिने ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं. फोटोत केटरिंगने चेंडू धरलेला हात मागे नेला होता. गणवेशावर संघाचं नाव नव्हतं. गवत वाळलेलं, वर आभाळ पांढरट, मागची बाकं रिकामी. आणि त्याची सावली कुठल्याच बाजूला पडलेली नव्हती. पाठीमागे आकड्यांच्या तक्त्यात ब्याऐंशी आणि त्र्याऐंशी सालच्या ओळीही होत्या. तळाशी, जिथे खेळाडूबद्दल काही गमतीचं छापतात, तिथे लिहिलं होतं, 'ड्वेनचा आवडता शब्द' आणि पुढे इंग्रजी अक्षरांत 'ऊन'.

"कोणीतरी बसून बनवलंय हे, यार," अमेय, तिचा नवरा, म्हणाला. तो पुण्याहून इथे शिकायला आलेला सॉफ्टवेअरवाला. त्याला प्रत्येक गोष्टीमागे कोणीतरी बसलेलं दिसायचं. "तुला ओळखणारं कोणीतरी. प्रँक."

"पण हा शब्द कोणाला माहीत असेल? तो, मी आणि बाबा."

"मग बाबांनी केलं असेल."

आई गेल्यानंतर बाबा याकिमाचं घर विकून त्यांच्याकडे राहायला आले होते. ते खिडकीपाशी पेपर वाचत होते. त्यांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवून फोटो पाहिला आणि म्हणाले, "वजन वाढलंय याचं."

यामिनी एका औषध कंपनीत मायक्रोबायॉलॉजिस्ट होती. काय शुद्ध आणि काय दूषित, हे ठरवणं हाच तिचा धंदा. सोमवारी तिने ते कार्ड आणि तिच्याकडचं एक्क्याऐंशीचं कार्ड लॅबमधल्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी शेजारी धरलं. छपाईचे ठिपके तसेच, कागदाचे धागे तसेच, पिवळेपणाही तितकाच. तिला त्यात खोट काढता आली नाही.

एप्रिलमध्ये दुसरं आलं. इंटरनेटवरच्या एका लिलावात तिने ओहायोतल्या कुणाकडून जुन्या कार्डांचा एक गठ्ठा घेतला होता, त्यात ते होतं. साल अठ्ठ्याऐंशी, शब्द 'चेंडू'. मग तिच्या वाढदिवसाला लॅबमधल्या अस्मिताने गंमत म्हणून दुकानातून कार्डांचं एक सीलबंद पाकीट आणलं, आजच्या खेळाडूंचं, नुकतंच बाजारात आलेलं. अमेयने ते स्वतःच्या हाताने फाडलं. वरची पाच-सहा कार्डं त्याने नावं वाचत टेबलावर टाकली. पुढचं त्याने नाव न वाचताच खाली ठेवलं.

सत्त्याण्णव साल. केटरिंगचे कानाजवळचे केस पांढरे झाले होते, पोट सुटलं होतं. मैदान तेच. शब्द होता 'घाम'.

अमेय त्यानंतर कधी प्रँक म्हणाला नाही. तो त्या कार्डांकडे बघायचाच नाही.

यामिनीचं मात्र बूड एका जागी टिकेना. ती पोळ्या करता करता उठायची आणि कॉम्प्युटरपाशी जायची. तव्यावरची पोळी करपायची. गाडी चालवताना उगाच लेन बदलायची. मीटिंगमध्ये बसली की टेबलाखाली तिचा पाय हलत राहायचा. भीती वाटते आहे की आणखी काही, ते तिला कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की कुठेतरी खेळ चालू आहे आणि आपण बाहेर उभे आहोत.

ऑगस्टमधल्या एका रविवारी ती डोंगर ओलांडून एलन्सबर्गला गेली. केटरिंगची बहीण तिथे राहत होती, लॉरेन नावाची. तिचा पत्ता मिळायला फोनबुक पुरलं. साठीची, उंच, अंगणात नळीने झाडांना पाणी घालत होती. गावावर कापलेल्या गवताचा गोड वास पसरला होता.

यामिनीने सगळी कार्डं लाकडी टेबलावर मांडली. लॉरेन ओरडली नाही, रडली नाही. तिने सत्त्याण्णवचं कार्ड उचललं आणि अंगठा त्याच्या चेहऱ्यावरून फिरवला.

"हनुवटी आमच्या वडिलांसारखी झाली की याची," ती म्हणाली. मग कार्ड खाली ठेवून, "ती शब्द शिकवणारी मुलगी तूच ना? फोनवर म्हणून दाखवायचा मला."

"तुम्हाला हे बघून नवल नाही वाटलं?"

लॉरेन आत गेली आणि एक कार्ड घेऊन आली. "गेल्या ख्रिसमसला न्याहारीच्या सिरियलच्या खोक्यात निघालं. कोणाला दाखवू? लोक म्हणतील म्हातारी झाली. हा शब्द कळतोय का बघ. तूच शिकवला असशील."

साल दोन हजार पाच. केटरिंग आता पुरता म्हातारा दिसत होता. त्याच्या मागच्या बाकांवर, सगळ्यांत वरच्या ओळीत, कोणीतरी बसलं होतं. अगदी लहान, गडद निळा ठिपका. यामिनीने कार्ड उलटवलं.

'नकोनको.'

तिने हा शब्द केटरिंगला शिकवला नव्हता. शिकवणं शक्यच नव्हतं. तो गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी तिची आई, वसुधा, पन्नाशीत गाडी चालवायला शिकली, तेव्हा काचेवरच्या वायपरला तिने दिलेलं ते नाव होतं. मान हलवून नको नको म्हणतात म्हणून नकोनको. घराबाहेर तो शब्द कोणी ऐकलेलाही नव्हता.

"काय अर्थ आहे?" लॉरेनने विचारलं.

"वायपर," यामिनी म्हणाली.

"म्हणजे तिथे आता दुसरं कोणीतरी शिकवतंय त्याला," लॉरेन म्हणाली. "बरं झालं. फार वर्षं एकटाच होता."

त्यानंतरचे आठवडे यामिनीने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. तिने पाकिटांची खोकीच्या खोकी विकत घेतली आणि पार्किंगमध्ये गाडीतच बसून फाडली. दुकानातली सिरियलची खोकी उघडून पाहिली. लॅबमधून दोनदा तब्येतीचं कारण सांगून निघाली. तिला केटरिंग नको होता आता. तिला तो ठिपका जवळून हवा होता.

"बास कर," एके दिवशी अमेय म्हणाला. गाडीची मागची सीट फाटक्या पाकिटांनी भरली होती. "आई गेल्या, यामिनी. यू नो दॅट."

"मला फक्त एकदा नीट बघायचंय."

"आणि मग? मग काय करणार आहेस?"

तिने पुढचं पाकीट फाडलं. अमेयने हात टेकले आणि बाबांकडे गेला. आयुष्यभर लोकांच्या नाडीवर बोट ठेवून बसलेला माणूस, तो तरी तिला चार समजुतीच्या गोष्टी सांगेल, असं त्याला वाटलं. बाबांनी लॉरेनने दिलेलं ते कार्ड मागून घेतलं. भिंग आणलं. खिडकीच्या उजेडात ते इतका वेळ बघत राहिले की त्यांचा चहा गार झाला.

"वसुधाच आहे," ते शेवटी म्हणाले. "अशीच बसते ती. पर्स मांडीवर घेऊन."

"बाबा, प्लीज," अमेय म्हणाला.

"शेजारी कोणी नाहीये तिच्या." त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि यामिनीकडे बघून अगदी साध्या आवाजात विचारलं, "पुढची मॅच कधी आहे गं?"

तेव्हा यामिनी खऱ्या अर्थाने घाबरली. त्याच दुपारी तिने सगळी कार्डं, अल्बमसकट, एका खोक्यात भरली आणि लॉरेनच्या पत्त्यावर पाठवून दिली. लॅबमधून घरी येताना ती दुकानांकडे न बघता यायला शिकली. बाबा मात्र रोज जेवण झालं की स्वेटर घालून पुढच्या दाराजवळच्या खुर्चीत बसायचे. कशाला, असं विचारलं तर म्हणायचे, "सहज."

ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला. तो इकडचा पाऊस, आवाज न करता दिवसभर पडत राहणारा. एका दुपारी यामिनी लॅबमधून लवकर परतली. दार नुसतं लोटलेलं होतं. खुर्ची रिकामी होती. बाबांची छत्री कोपऱ्यात तशीच उभी होती.

घराच्या मागून एक पायवाट नॉर्थ क्रीक या ओढ्याजवळच्या बेसबॉलच्या मैदानांकडे जाते. ती त्या वाटेने पळाली.

सीझन संपला होता. मैदानात चिटपाखरू नव्हतं. पांढऱ्या रेघा पावसाने धुऊन गेल्या होत्या. पलीकडे ॲल्युमिनियमच्या बाकांच्या पायऱ्या होत्या, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर बाबा बसले होते. एकटे.

"बाबा!"

"ये," ते म्हणाले. "आत्ताच संपली."

ती धापा टाकत वर चढली. त्यांचे केस कपाळाला चिकटले होते. हात बर्फासारखे होते. चेहरा मात्र तिने कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता इतका शांत होता.

"काय संपली? इथे कोणी नाहीये, बाबा."

"हरला बिचारा. पण टाकतो चांगला अजून. जरा दम लागतो." ते मैदानाकडे बघत होते. "वय झालं ना त्याचं."

तिने आपला रेनकोट काढून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि त्यांचा दंड घट्ट धरला.

"घरी चला."

त्यांनी अजिबात विरोध केला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठले.

"येतो," ते म्हणाले. यामिनीकडे न बघता.

ती त्यांना एकेक पायरी उतरवू लागली. खालच्या पायरीवर पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं.

बाक या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलं होतं, चकाकत होतं. बाबा बसले होते तिथे कोरडा चौकोन उमटला होता.

त्याला लागून आणखी एक होता. जरा लहान.

पाऊस पडतच होता. बाबांची जागा थेंबाथेंबाने भिजत गेली आणि बघता बघता बाकीच्या बाकासारखीच दिसू लागली.

शेजारची कोरडीच राहिली.