खिडकीकडची बाजू

साठी उलटली तरी त्यांना सगळे धाकटेच म्हणत. थोरल्या भावाच्या मागून जन्माला आल्याची ही जन्मठेप, असं ते स्वतःच हसून सांगत. दोघं भाऊ मिळून शाळांत, इस्पितळांत हातांच्या सावल्यांचे खेळ करत. ताणून बांधलेली पांढरी चादर, तिच्या मागे एक दिवा, आणि दोहोंच्या मधे चार हात, एवढाच काय तो संसार. थोरल्यांचं लग्न झालं, धाकट्यांचं राहिलं. कुणी छेडलंच तर ते म्हणत, "माझे दोनाचे चार हात केव्हाच झालेत, आणखी दोन आणून ठेवू कुठे?" वहिनी लवकर गेल्या. पुतणीला दोघा भावांनीच वाढवलं. ती शिकली, नोकरीला लागली, दूरच्या शहरात स्थिरावली. मग गेल्या वर्षी थोरले गेले, आणि धाकट्यांनी चादरीची घडी घालून ती कपाटात ठेवून दिली.

त्या घराच्या दारात एक दिवस पुतणीनं पाठवलेलं खोकं येऊन पडलं. आत एक वेबकॅम होता, तो बसवायला तीन पायांचा स्टँड, एक माइक, आणि बांगडीसारखा गोल दिवा.

"घरातूनच खेळ कर, काका," ती फोनवर म्हणाली. "लोक आपापल्या घरी बसून बघतील."

"आणि मी कुणाकडे बघू?"

"तू तसाही चादरीकडेच बघतोस ना?"

पोरगी थोरल्यांवर गेली होती, मुद्द्याचं तेवढंच बोलायची.

"एकदा करून बघ," ती म्हणाली. "एकट्यानं नाहीच जमलं तर मात्र माझं ऐकायचं. सामान बांधायचं आणि इकडे यायचं."

ती मायेनं बोलत होती, म्हणून तर ते जड गेलं. तिच्या घरी त्यांना काही कमी पडलं नसतं. पलंग मिळाला असता, औषधं वेळेवर मिळाली असती, फक्त हातांना काम नसतं. दादा गेला म्हणजे आपलेही हात गेले, हे एकदा मान्य केलं की मग उरतंच काय? धाकट्यांनी कपाट उघडलं आणि चादर बाहेर काढली.

मांडामांडीला दोन दिवस लागले. खोलीच्या एका बाजूला दार, समोरासमोर दुसऱ्या बाजूला खिडकी. खिडकीवर त्यांनी जाड घोंगडं ठोकलं, तेव्हा भर दुपारी खोलीत अंधार झाला. मधोमध, दाराकडून खिडकीकडे अशी, चादर ताणली. तिच्या पुढे टेबल, टेबलावर लॅपटॉप आणि वेबकॅम, मागे दिवा. दिव्याचीच खरी पंचाईत होती. हल्लीच्या बल्बमध्ये उजेडाचे बारीक ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपका आपली वेगळी सावली पाडतो. एक बोट धरावं तर पाच दिसतात. जुना, आत एकच तार असलेला बल्ब शोधत ते चार दुकानं हिंडले. शेवटचा दुकानदार म्हणाला, "आजोबा, हा बल्ब घेणारे गेले आणि बनवणारेही गेले." तरी त्यानं माळ्यावरून एक काढून दिला.

गोल दिवा काय कामाचा, ते मात्र धाकट्यांना कळेना. पुतणीनं सांगितलं की त्यानं चेहऱ्यावर सावली पडत नाही. सावली मारायला माणसं पैसे मोजतात, हे ऐकून ते बराच वेळ हसले. मग हसायला आपण एकटेच आहोत हे लक्षात आलं आणि थांबले.

पहिली चाचणी पुतणीनं तिकडून पाहिली. धाकट्यांनी ससा केला, कुत्रा केला, हंस पाण्यावर तरंगवला.

"काका, दिसतंय झकास," टेबलावर ठेवलेल्या फोनमधून तिचा आवाज आला. "पण खिडकीकडची बाजू सगळी रिकामी आहे. मधे सरक की जरा."

धाकट्यांनी पाहिलं. ते दाराच्या बाजूला उभे होते, नेहमीसारखे. दिवा चादरीच्या बरोबर मध्यावर टांगला होता, दोघांत एक असा. आपण तो तिथे का टांगला याचा त्यांनी विचारही केला नव्हता. खिडकीकडची बाजू दादाची. ते मधे सरकले आणि कोल्हा केला. पण उजवं कोपर सवयीनं अंगाशी घट्ट आवळलेलंच राहिलं, शेजारच्याला जागा करून द्यायला, आणि त्या नादात कोल्ह्याचा एक कान गळून पडला. ते निमूटपणे पुन्हा दाराकडे आले.

"राहू दे तसंच," पुतणी हळूच म्हणाली.

पुढच्या तालमीला त्यांनी चित्रण करून तिला पाठवलं. शेवटी हात मोकळे व्हावेत म्हणून उगाच थोडा करकोचा केला. 'म्हातारा आणि करकोचा' हा दोघा भावांचा गाजलेला खेळ. दादाच्या हातांचा म्हातारा मुठीतून दाणे सोडायचा. मुठीत खरेच दाणे असत, त्यांच्या बारीक सावल्या टपटप पडत. धाकट्यांचा करकोचा लांब मान वाकवून ते टिपायचा. एकट्या करकोच्याला अर्थ नव्हता; तो रिकाम्या जमिनीवर चोच मारत राहिला.

पुतणीचा लगेच फोन आला. "छान झालं. पण एकट्यानं दाणे कसे पाडलेस?"

"कसले दाणे?"

"शेवटी पडतात ते. खिडकीकडे."

धाकट्यांनी चित्रण लावलं. खिडकीकडच्या रिकाम्या बाजूला, अगदी तळाशी, बारीक ठिपके खाली येत होते. सलग नव्हे, थोडे पडत, थांबत, पुन्हा थोडे पडत. करकोच्याची चोच खाली जाऊन वर आली की पुन्हा पडत.

धाकट्यांचं आयुष्य उजेड-सावल्यांत गेलेलं. ते उगाच घाबरणाऱ्यांतले नव्हते. घोंगड्याची धूळ असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. घोंगडं अंगणात नेऊन झटकलं. बल्बची काच पुसली, किडे असतील म्हणून. फरशी झाडली, केरात काहीच निघालं नाही. पुन्हा चित्रण केलं. आता ठिपके नव्हते, पण खिडकीकडच्या कडेला काहीतरी वाकडं, काळं, आत आलं होतं. दुमडलेल्या कोपरासारखं. त्यांनी खोलीभर शोध घेतला आणि चोर सापडलाच. कोपऱ्यातला गोल दिवा मंद जळत होता. दुसरा उजेड म्हणजे दुसरी सावली, आपल्याच कोपराची. त्यांनी तो दिवा विझवून माळ्यावर टाकला आणि सुटकेचा श्वास सोडला.

मग वाईटही वाटलं. तालमीनंतर दादा हमखास काहीतरी खोट काढायचा. मान आखूड झाली, कान हलला, चोच बोथट आहे. धाकटे चिडत, दोघांची जुंपे, आणि मग दोघंही हसत. आता चुका काढायलाही घरात कुणी नाही, हे त्यांना त्या संध्याकाळी इतकं लागलं की ते दिवा लावून चादरीसमोर नुसतेच बसून राहिले.

"चोच बरी होती ना रे, दादा?" त्यांनी विचारलं. मग स्वतःचीच लाज वाटून दिवा बंद केला.

खेळ रविवारी दुपारी ठेवला होता. पुतणीनं सगळ्यांना कळवलं होतं; जुने शाळामास्तर, इस्पितळातल्या परिचारिका, मोठी झालेली तेव्हाची मुलं, त्यांची आताची मुलं. तीही तिकडून बघणार होती. धाकट्यांनी कॅमेरा सुरू केला, लॅपटॉपच्या पडद्यावर आपलं तोंड पाहून केस सारखे केले, दोन शब्द बोलले आणि चादरीमागे गेले.

तिथे अगदी शांत होतं. पूर्वी चादरीपलीकडून खोकला यायचा, खुर्ची सरकायची, एखादं पोर रडायचं. आता पलीकडे नुसतं टेबल होतं. ससा झाला, कुत्रा झाला, हंस झाला. कुणी हसलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. विहिरीत ओरडावं आणि आवाज परत येऊ नये, तसं वाटत होतं. कोल्ह्याचा कान पुन्हा गळला. जमत नाहीये, त्यांच्या मनात आलं. पोरगी बघतेय, आणि जमत नाहीये.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी करकोचा उभा केला. निदान तो तरी हातात मुरलेला होता.

करकोच्यानं मान वाकवली.

खिडकीकडून दाणे पडले.

या वेळी आवाजही आला. फरशीवर, उजव्या हाताला, टपटप. धाकट्यांनी नजर हलवली नाही. नजर चादरीवरून ढळू द्यायची नाही, हा त्यांचा पहिला धडा होता, आणि तो दादानंच शिकवला होता. चादरीच्या त्या बाजूला हळूहळू पाठ आली, वाकलेली. मग नाक. मग हनुवटीखालची थरथरती दाढी, दादाच्या करंगळीची. ती करंगळी जगात दुसऱ्या कुणाला तशी वळवता येत नसे.

भीती वाटायला हवी होती, पण मनात फक्त आनंद होता, वर्षभर कुठेतरी अडकून पडलेला. हात थांबले नाहीत. म्हातारा दाणे टाकी, करकोचा टिपे. म्हातारा रागावे, करकोचा मागे सरे. एकही ठेका चुकला नाही.

मग म्हाताऱ्याची सावली मोठी होऊ लागली.

सावली मोठी होते ती हात दिव्याकडे गेला की. दिवा धाकट्यांच्या पाठीमागे होता. म्हणजे ते हात आता त्यांच्या शेजारी नव्हते, मागे सरकत होते, मानेच्या उंचीवर.

त्यांनी वळून पाहिलं नाही. करकोच्यानं शेवटचा दाणा टिपला.

सावली पुन्हा लहान झाली, जागेवर आली. खेळ संपला.

धाकटे चादरीपुढे आले ते डोळे पुसतच. जमलं होतं. आता कुठे जायला नको होतं, सामान बांधायला नको होतं. फोन वाजत होता. त्यांनी तो उचलून स्पीकरवर टाकला.

"काका," पुतणीचा आवाज विचित्र होता. "हे काय लावलंस? बाबांचं जुनं चित्रण आहे का?"

"चित्रण कसलं? आत्ताच तर खेळ केला मी."

"तू कुठे होतास त्यात?"

"अगं, करकोचा माझाच ना!"

"करकोचा नव्हताच, काका. ससाही नव्हता, काहीच नव्हतं. आधी नुसती पांढरी चादर होती. मग बाबांचा म्हातारा आला. तो एकटाच दाणे टाकत होता. दाराकडची बाजू सगळी रिकामी."

धाकट्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. प्रक्षेपण बंद करायचं राहूनच गेलं होतं. लोकांचे निरोप एकाखाली एक येत होते. एका जुन्या मास्तरांनी लिहिलं होतं, 'हात ओळखले. थोरल्यांचेच. धाकटे कुठे आहेत? बरे आहेत ना?'

आणि त्या निरोपांच्या वर, चादरीच्या चित्रात, म्हातारा होता.

त्यांनी मान वर केली. खऱ्या चादरीवरही होता. खिडकीकडच्या बाजूला, कडेला सरकून, दाराकडची बाजू मोकळी सोडून उभा. उजवीकडचं कोपर अंगाशी आवळलं की आपण जसे दिसत असू, तसा तो अवघडून दिसत होता. मूठ पुढे धरलेली होती, पण ती तो उघडत नव्हता.

"अजून तिथेच आहे तो," पुतणी कुजबुजली. "काका, कुणाची वाट बघतोय?"

धाकट्यांना भीती वाटली नाही. वाटली ती शरम. दादाला असं ताटकळत उभं ठेवलं होतं.

ते चादरीमागे गेले. तिथे दिवा होता आणि दिव्याखाली कुणीही नव्हतं. आपल्या जागेकडे जाताना अनवाणी तळव्यांना दाणे टोचले. ते दाराकडच्या बाजूला उभे राहिले, कोपर आवळलं, हात उचलले.

चादरीवर करकोचा उमटला. किती स्वच्छ, किती काळा. म्हाताऱ्यानं मूठ उघडली.

"काका?" पलीकडून फोनमधून आवाज आला. "काका, आता चादर कोरी झाली. म्हाताराही गेला. काहीच दिसत नाही. तू कुठे आहेस?"

खेळ चालू असताना चादरीमागून बोलायचं नसतं. करकोच्यानं मान वाकवली.

"काका?"

आणि मग, बऱ्याच वेळानं, लहानपणी अंधारात हाक मारायची तशी, "बाबा?"

दोन्ही सावल्या क्षणभर थांबल्या. मग म्हाताऱ्यानं दाणे टाकले आणि करकोचा ते टिपू लागला.